पाण्यासाठी भांडणाऱ्या नागरिक गटांशी छोट्या नगरपरिषदेनं कसं वागावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक हजार वस्तीच्या शहरात पाणीपुरवठा समितीचं सभापतिपद तुमच्याकडे नुकतंच आलंय. तीन गट सतत दारात उभे आहेत. सोसायट्यांचा महासंघ पाणीपट्टी वाढवायला कडाडून विरोध करतो. टोकाच्या वस्तीतल्या महिलांचा गट 'आमच्याकडे पाणी येतच नाही' म्हणून दर महिन्याला मोर्चा आणतो. नदीसाठी काम करणारा गट उद्भवाच्या, म्हणजे शहराचं पाणी जिथून उचललं जातं त्या जागेच्या, प्रदूषणावर पत्रांमागून पत्रं पाठवतो. बैठक बोलावली की तासाभरात आरडाओरडा होऊन उठते. कोणाचं किती ऐकायचं, त्यांच्याकडे काही काम सोपवता येईल का, दरवाढीचं काय करायचं आणि संयुक्त समिती नेमावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी तीसेक वर्षं या कामात आहे. आधी अभियंता म्हणून वाहिन्या टाकल्या, मग लहान शहरांच्या परिषदांबरोबर पुरवठा सुधारण्याचं काम केलं. त्या अनुभवावरून एक मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गटांशी बोलणं हे एक काम आणि पाणी पुरवणं हे दुसरं, असं परिषदेत धरून चालतात. निवेदनं एका टेबलावर जातात, पंप आणि टाक्या दुसऱ्या टेबलावर. मला ही विभागणी कधीच पटली नाही. ज्या परिषदेला आपल्या पाण्याचा हिशेब लोकांपुढे मांडता येतो, तिचं गटांशी जमतं. भांडणं तिथेही होतात, पण ती एखाद्या ठरावीक वाहिनीवरून, ठरावीक तारखेवरून होतात आणि मिटतात. जिला हिशेब मांडता येत नाही तिनं कितीही गोड बोलून पाहिलं तरी लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांनी का ठेवावा? म्हणून तुमच्या चार प्रश्नांआधी हिशेबाबद्दल लिहितो.

बैठकीत काय होतं ते आठवा. टोकाच्या वस्तीतली बाई उभी राहून सांगते, पाणी येत नाही. अभियंता म्हणतो, रोज दीड तास सोडतो, नोंदवही बघा. दोघंही खरं बोलत असतात. नोंदवहीत व्हॉल्व्ह उघडल्याची आणि मिटल्याची वेळ असते. शेवटच्या नळाला पाणी कधी पोचलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. रिकामी वाहिनी भरण्यातच बराच वेळ जातो. मग सखल भागातली घरं आधी भरून घेतात, कारण पाणी उताराकडेच धावतं. टाकीकडच्या बाजूच्या काही घरांनी नळाला थेट मोटर लावली असेल तर पुढे दाबच उरत नाही. सोडलेल्या दीड तासातला शेवटच्या नळाचा वाटा कधी वीस मिनिटं असतो, कधी काहीच नसतो. हे त्या बाईला माहीत आहे, अभियंत्यालाही मनातून माहीत आहे. पण दोघांपुढे ठेवता येईल असा आकडा नसल्यामुळे एकीला आवाज चढवावा लागतो आणि दुसऱ्याला नोंदवहीमागे लपावं लागतं.

तुमच्याएवढ्याच एका शहरात हा वाद तीन वर्षं चालला होता. तिथे आम्ही त्या वाहिनीवरची बारा घरं निवडली. टाकीजवळचं पहिलं घर, टोकाचं शेवटचं आणि मधली दहा. घरं गटातल्या बायकांनीच निवडली, आमच्या अभियंत्यानं नकाशावर खुणा केल्या. प्रत्येक घरी एक वही दिली. पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता, आणि मधे कधीतरी 15 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले, एवढंच लिहायचं. बादली एका मिनिटात भरली तर मिनिटाला 15 लिटर, चार मिनिटं लागली तर चारलाही कमी. याला यंत्र लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. जोडीला आम्ही तीन ठिकाणी दाबमापक बसवले. एक किलो दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचं पाणी, हे एकदा समजावलं की कोणीही काटा वाचू शकतं.

पंधरा दिवसांनी बारा वह्या एका टेबलावर उघडल्या. पहिल्या सात घरांत बादली भरायचा वेळ हळूहळू वाढत गेलेला दिसला, आणि सातव्या व आठव्या घराच्या मधे तो एकदम कितीतरी पटींनी वाढला. वाहिनीचा व्यास तिथे बदलत नव्हता. खोदलं तेव्हा रस्त्याच्या डांबराखाली गाडला गेलेला एक जुना व्हॉल्व्ह सापडला, अर्धा मिटलेला. रस्ता करताना त्याची झडप झाकली गेली होती आणि नकाशावरून तो कधीच निघून गेला होता. तो उघडल्यावर सगळ्यांना सारखं पाणी मिळालं असं मी म्हणणार नाही. टोकाची घरं उंचावर होती, ती उणीव राहिली आणि तिच्यासाठी पुढे वेगळी वाहिनी टाकावी लागली. पण त्या दिवसानंतर त्या बायका आणि तो अभियंता एकाच बाजूनं बोलू लागले. मोर्चा थांबला, कारण त्याची जागा वहीनं घेतली होती.

हे तुम्ही पुढच्याच महिन्यात करू शकता. आधी मात्र व्हॉल्व्हमनबरोबर शहर चालून पाहा. लहान शहरात वाहिन्यांचा खरा नकाशा कार्यालयात नसतो, त्याच्या डोक्यात असतो. कुठल्या गल्लीत कोणती जोडणी कशाला जोडली, कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कोणत्या वस्तीला पाणी चढतं, हे त्यालाच ठाऊक असतं. त्याचा पगार सगळ्यांत कमी असतो आणि बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही. तो निवृत्त होतो तेव्हा शहराचा नकाशा घरी घेऊन जातो. दोन-तीन सकाळी त्याच्यासोबत, गटाच्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन फिरा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह कागदावर उतरवा. लोकांनाही तेव्हा कळतं की तो माणूस कोणाचं पाणी तोडायला नाही, असलेलं पाणी वाटायला पहाटे उठतो. व्हॉल्व्हमनवर हात उगारले गेल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. ज्या वस्त्यांनी त्याच्याबरोबर फेरी मारली होती, तिथे ते पुन्हा घडले नाहीत.

आता शहराचा मोठा हिशेब. समजा तुमच्या शुद्धीकरण केंद्रातून रोज 60 लाख लिटर पाणी निघतं. साठ हजार लोकांत वाटलं तर माणशी 100 लिटर. कागदावर छान दिसतं. पण त्यातलं 35 टक्के वाटेत गळत असेल किंवा बेकायदा जोडण्यांतून जात असेल, तर घरांपर्यंत पोचतं 39 लाख, म्हणजे माणशी 65 लिटर. हीसुद्धा सरासरी आहे. टाकीजवळच्या घरानं माणशी 120 लिटर वापरले तर टोकाच्या घराला किती उरले, ते तुम्हीच काढा. रोजच्या मूलभूत गरजांसाठी माणशी 50 ते 100 लिटर लागतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 28 जुलै 2010 रोजी पाणी हा मानवी हक्क मान्य केला, तेव्हापासून हे माप त्या हक्काच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतं. तुमच्या शहरात पाणी पुरेसं असूनही एखादी वस्ती या मापाखाली असू शकते, आणि त्या वस्तीचा गट 'पाणी नाही' म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो.

गळतीचा अंदाज लोकांना लिटरमध्ये द्या, टक्क्यांत नको. चोवीस तास भरलेल्या वाहिनीवर मिनिटाला एक लिटर गळणारा सांधा दिवसाला 1,440 लिटर वाया घालवतो, म्हणजे माणशी 100 लिटरच्या हिशेबानं चौदा माणसांचं पाणी. हे ऐकल्यावर लोक सांधे शोधायला निघतात. आणि नळ कोरडे असताना ज्या ठिकाणी माती ओली राहते, ती जागा त्या गल्लीत राहणाऱ्याला तुमच्या कोणत्याही कर्मचाऱ्याच्या आधी दिसते.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे परिषदेची चूक जिवावर बेतते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे 2000 मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि शेणखताचा अंश एका उथळ विहिरीत उतरला. प्रयोगशाळेनं पाणी दूषित असल्याचं पाणी विभागाला 17 मे रोजी कळवलं. लोक आजारी पडू लागल्यावर आरोग्य विभागानं विचारणा केली, तेव्हा पाणी ठीक आहे असंच उत्तर मिळालं. शेवटी आरोग्य विभागानं स्वतःच्या जबाबदारीवर 21 मे रोजी पाणी उकळून प्यायची सूचना काढली. सात माणसं दगावली, 2,300 च्या आसपास आजारी पडली. नंतरच्या चौकशीत दिसलं की क्लोरीनच्या नोंदी वर्षानुवर्षं मोजमापाशिवाय भरल्या जात होत्या. वहीत बहुतेक दिवशी 0.5 किंवा 0.75, हेच आकडे.

हा तपशील वाचला तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण असल्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. खरं मोजमाप कधी सारखं येत नाही. उन्हाळ्यात वेगळं, पावसाच्या पहिल्या पुरात वेगळं, टाकीजवळ वेगळं, टोकाला वेगळं. तुमच्या केंद्राची क्लोरीनची वही उद्या मागवा आणि तीन महिन्यांचे आकडे वाचा. रोज एकच आकडा असेल तर मोजलं जात नाही, एवढं नक्की समजा. त्यासाठी कोणाला निलंबित करण्याआधी त्याला तपासणीची साधनं मिळत होती का, ते बघा. बहुतेक वेळा ती महिनोन्महिने संपलेली असतात.

इथे नागरिक गट खरोखर उपयोगी पडतात. क्लोरीन तपासायची डीपीडी नावाची गोळी टाकून पाणी गुलाबी झालं की रंग जुळवून उर्वरित क्लोरीन वाचता येतं. दहा मिनिटांत कोणीही शिकतं. निर्जंतुकीकरणानंतर अर्ध्या तासानं लिटरमागे किमान 0.5 मिलिग्रॅम आणि नळापाशी किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टोकाच्या पाच घरांतून रोज हा आकडा आला तर ते तुमचं संरक्षण आहे. थांबून थांबून पुरवठा होणाऱ्या शहरात याची गरज दुप्पट आहे. वाहिनी रिकामी झाली की आतला दाब जातो आणि सांध्यांच्या फटींतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट लावलेली मोटर हेच काम आणखी जोरानं करते. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येतं, आणि 'पाण्याला वास येतो' ही तक्रार नेहमी गटाराशेजारून जाणाऱ्या जुन्या वाहिनीवरच्या घरांतून येते. अशी तक्रार आली की तिला त्याच दिवशी माणूस पाठवा. बाकी सगळ्या तक्रारी दोन दिवस थांबू शकतात, ही नाही.

लोकांनी आणलेल्या नमुन्याकडे पाठ फिरवली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या फ्लिंट शहरानं पाहिलं. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी तिथला उद्भव बदलला आणि नदीचं पाणी सुरू झालं. त्या पाण्यात वाहिन्या गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायला हवी होती ती केली नाही. जुन्या वाहिन्यांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. रहिवासी तांबूस, वासाचं पाणी बाटल्यांत भरून बैठकांना येत राहिले आणि त्यांना पाणी सुरक्षित आहे असंच सांगितलं गेलं. 2014 च्याच ऑक्टोबरमध्ये मोटारींची इंजिनं बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यानं हे पाणी सुटे भाग गंजवतं म्हणून वापरायचं थांबवलं होतं. 2015 मध्ये रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीनं शेकडो घरांतून नमुने गोळा केले. पाठोपाठ बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं दाखवलं. ऑक्टोबर 2015 मध्ये जुना उद्भव पुन्हा जोडावा लागला. उद्भव बदलला तेव्हा शहराचा कारभार राज्यानं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता आणि निवडून आलेल्या परिषदेला फारसा अधिकार उरला नव्हता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोकांचं ऐकणारी खुर्चीच जागेवर नव्हती.

तुमच्या शहरासाठी यातून एकच नियम घ्या. गटानं नमुना आणला तर त्याच नळावर, त्याच वेळी तुमचा माणूस जाऊन दुसरा नमुना घेईल, दोन्ही एकाच प्रयोगशाळेत जातील आणि अहवाल जसाच्या तसा दोघांना मिळेल. अहवाल वाईट आला तर आधी वस्तीला कळवायचं, मग सभागृहाला. हा क्रम उलटा झाला की गेलेला विश्वास परत यायला पुढची निवडणूकही पुरत नाही.

आता तुमचे प्रश्न.

कोणाचं ऐकायचं? गट मोठा की लहान यावरून ठरवू नका. महासंघाकडे लेटरहेड आहे, निवृत्त अधिकारी आहेत, मुद्देसूद पत्र लिहिता येतं. टोकाच्या वस्तीकडे यातलं काही नाही, म्हणून ती मोर्चानं बोलते. दोघांचं बोलणं एकाच मापानं मोजायचं तर प्रत्येक तक्रारीला वाहिनीचा पत्ता द्या: कोणती टाकी, कोणती वाहिनी, कितवं घर, कोणती वेळ. तक्रार नोंदवहीत नगरसेवकाच्या नावाचा रकाना असतो, तो काढून टाका आणि वाहिनीचा घाला. महिनाभरात तुम्हाला दिसेल की शंभर तक्रारी सात-आठ जागांवर गोळा होतात. मग गट कोणाचं प्रतिनिधित्व करतो हा वाद बराचसा मावळतो. उरलेल्या ठिकाणी गटाला सरळ विचारा की तुमचे सभासद कोणत्या वाहिन्यांवर राहतात. ज्या वाहिनीवर कोणत्याच गटाचा माणूस नाही, तिथे तुम्ही स्वतः जा. सगळ्यांत वाईट पाणी बऱ्याचदा तिथेच असतं. भाडेकरू, नव्यानं आलेले मजूर, जोडणीच नसलेली घरं यांचा मोर्चाही निघत नाही.

नदीसाठी काम करणाऱ्या गटाला तुम्ही फार दूर ठेवलंय, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तो गट तुमच्या शुद्धीकरण केंद्राच्या वरच्या अंगाला काम करतो आणि तिथे तुमचा एकही कर्मचारी नाही. वर पाऊस झाला, पाणी गढूळ झालं, कोणीतरी सांडपाणी सोडलं, हे त्यांना तुमच्या आधी कळतं. एक फोन नंबर आणि केंद्रावर तो उचलणारा माणूस, एवढ्यानं तुमच्या चालकाला तुरटीची मात्रा बदलायला तासा-दोन तासांची सवड मिळते. गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर गेला की क्लोरीनचा परिणाम कमी होतो, म्हणून ही सवड मोलाची आहे.

गटांकडे काम सोपवण्याबद्दल. मोजणं, कळवणं, वस्तीतल्या गल्लीपुरती देखभाल, नवीन जोडणीसाठी अर्ज भरून घेणं ही कामं ते उत्तम करतात. क्लोरीन टाकणं, मुख्य व्हॉल्व्ह फिरवणं, पाणीपट्टीची रोकड गोळा करणं ही कामं त्यांच्याकडे देऊ नका, त्यांनी मागितली तरी. कारण उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण, हे कायद्यानं परिषदच असते, आणि शेजाऱ्याच्या पाण्याची किल्ली शेजाऱ्याच्या हाती गेली की वस्ती फुटते. एका शहरात पैसे वाचतात म्हणून असा व्हॉल्व्ह एका मंडळाच्या हवाली केला होता. वर्षाच्या आत दोन गल्ल्यांचं बोलणं बंद झालं आणि ते जोडायला मला व्हॉल्व्ह परत घेण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

ही सीमारेषा कराचीतल्या ओरंगीमध्ये फार स्वच्छ आखली गेली होती. अख्तर हमीद खान यांनी 1980 मध्ये तिथे काम सुरू केलं. वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हा त्यांचा घटक. घरातलं शौचालय आणि गल्लीतली मलवाहिनी रहिवाशांनी आपल्या खर्चानं, तांत्रिक मार्गदर्शन घेऊन टाकायची. मोठ्या मलवाहिन्या आणि प्रक्रिया केंद्र सरकारनं करायचं. विषय सांडपाण्याचा असला तरी पाण्यालाही तो लागू पडतो. लोक आपल्या गल्लीपुरतं खूप काही करू शकतात, अट एवढीच की गल्लीच्या तोंडाशी परिषदेनं आपलं काम पूर्ण केलेलं असावं. परिषदेनं मुख्य वाहिनी दिलीच नाही आणि 'लोकसहभाग' म्हणून गल्लीच्या वर्गणीकडे बोट दाखवलं, तर ती जबाबदारी झटकणं आहे आणि लोक ते लगेच ओळखतात.

दरवाढीचा प्रश्न महासंघाच्या एका वाक्यावर अडलाय: आधी गळती थांबवा, मग दर वाढवा. ते अर्धं बरोबर आहेत. गळती थांबवायला लागणारा पैसा दरातूनच येणार, हे उरलेलं अर्धं. यातून बाहेर पडायला दरवाढीचा ठराव टक्क्यांचा आणू नका, कामांचा आणा. अमुक वाहिनी बदलणं, अमुक टाकीला मीटर, अमुक दोन पंपांची दुरुस्ती. त्यांचा खर्च, त्यासाठी घरटी किती, आणि वर्षअखेर काय झालं याचा वेगळा ताळेबंद. पाण्याचा पैसा परिषदेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळत असेल तर आधी ते वेगळं करा. नाहीतर महासंघाचा हिशेबनीस तुम्हाला पहिल्याच प्रश्नात गाठेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

थकबाकीची यादी वरून खाली वाचा. घरगुती नळांची थकबाकी संख्येनं जास्त आणि रकमेनं कमी असते. वरच्या दहा नावांत बहुधा कार्यालयं, संस्था, मोठे वापरकर्ते असतात, कधी परिषदेच्याच इमारती असतात. त्यांच्याकडून वसुली सुरू झाल्याचं दिसल्याशिवाय घरांना वाढीव बिल पाठवू नका. कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये 'एक सोन चान' नावाच्या अभियंत्यानं 1993 मध्ये पाणी प्राधिकरण हाती घेतलं तेव्हा 72 टक्के पाण्याचा पैसा येतच नव्हता. पुढच्या दीड-दोन दशकांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. मीटर सगळ्यांना लागले, बड्या अधिकाऱ्यांना आणि सरकारी कार्यालयांनाही. गरीब घरांना जोडणी शुल्कात सवलत मिळाली. बेकायदा जोडणी दाखवणाऱ्याला तिथे बक्षीसही ठेवलं होतं. एवढी एक गोष्ट मी लहान शहराला सुचवणार नाही. साठ हजारांच्या वस्तीत कोणी कोणाचं नाव सांगितलं ते संध्याकाळपर्यंत कळतं. त्यापेक्षा दोन महिन्यांची मुदत देऊन, दंडाशिवाय जोडण्या नियमित करून घ्या.

पाण्यावरचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असं माप संयुक्त राष्ट्रांच्या कामात वापरलं जातं. नवा दर ठरवल्यावर तुमच्या सगळ्यांत गरीब वस्तीतल्या चार-पाच घरांवर तो लावून बघा. पाणी नळानं न येणारी घरं टँकरवाल्याला किती देतात तेही त्यांना विचारा. महासंघाच्या बैठकीत हा आकडा सांगितला की वातावरण बदलतं, कारण स्वस्त पाणी वापरणारे आपण आहोत हे बऱ्याच जणांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

राहिली संयुक्त समिती. ती आत्ता नेमू नका. हिशेबाशिवाय नेमलेली समिती म्हणजे आरडाओरड्याला मिळालेली कायमची जागा. शिवाय नेमणुकीवरूनच तिन्ही गटांत नवं भांडण लागेल. आधी तीन महिने, दर महिन्याला एक वाहिनी घ्या, मोजा, तिच्यावरच बैठक घ्या आणि ती बैठक त्या वस्तीतच घ्या. अभियंता, व्हॉल्व्हमन आणि तुम्ही. बाकी नगरसेवक ऐकायला आले तर येऊ द्या. दिलेल्या प्रत्येक आश्वासनापुढे तारीख लिहा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या यादीनं करा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहरात 1989 पासून लोकांनी अंदाजपत्रकातली कामं ठरवण्याची पद्धत सुरू झाली, तिथेही वर्षाच्या पहिल्या सभेत गेल्या वर्षी मंजूर झालेल्या कामांचं काय झालं ते आधी सांगावं लागे. त्या शहरात पाणी आणि मलवाहिनीची जोडणी असलेली घरं 1988 मधल्या 75 टक्क्यांवरून 1997 पर्यंत 98 टक्क्यांवर गेली. एका पद्धतीनं हे सगळं घडलं असं नाही, पण मागचा हिशेब दिल्याशिवाय पुढचं वचन द्यायचं नाही, ही शिस्त त्यात नक्की होती.

तीन महिन्यांनंतर समिती नेमाल तेव्हा वाहिन्यांनुसार नेमा, प्रत्येक टाकीवरून दोघं, त्यात एक टोकाच्या घरातली व्यक्ती. आवर्तनाचं वेळापत्रक समितीला दाखवल्याशिवाय बदलायचं नाही आणि इतिवृत्त सात दिवसांत प्रत्येक वस्तीच्या फलकावर लावायचं, हे दोन मुद्दे ठरावातच घाला. त्याआधी, याच आठवड्यात, तुमच्या टेबलावर पडलेल्या नदी गटाच्या पत्रांना उत्तर द्या. जे जमणार नाही ते जमणार नाही असं कारणासह लिहा, आणि खाली सही कारकुनाची नको, तुमची स्वतःची असू द्या.